शब्दांच्या चोरवाटा

द्वितीय वर्ष, कला शाखा

प्रवेश-अर्जावर एक रकाना असतो, 'पालकाचा व्यवसाय'. प्रथम वर्षाचा अर्ज भरताना मी त्या रकान्यापाशी अडखळलो होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही भावंडे आबा म्हणतो, तालुक्याच्या बैलबाजारात दलाल आहेत. दर रविवारी पहाटे ते बाजारतळावर जातात. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मध्ये खांद्यावर रुमाल टाकलेले आबा, हे दृश्य मी चालू लागल्यापासून पाहत आलो आहे. तेव्हा मी सरळ 'दलाल' असे लिहिले. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो शब्द मोठ्याने वाचून दाखवला आणि दोघेही हसले. "अरे बाळ, असं लिहितात का? शेती लिही, शेती," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, उलट माझे हित पाहत होते. मी शब्दावर काट मारली आणि वर 'शेती' लिहिले. आमची शेती सव्वा एकर आहे. त्यातली निम्मी मुरमाड.

त्या दिवशी मी घरी काही बोललो नाही. पुढे अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी शेअर बाजार शिकवताना मुंबईतल्या 'दलाल स्ट्रीट'चा उल्लेख केला. सगळ्यांनी ते नाव वहीत उतरवून घेतले. कोणीही हसले नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, यंदा भाषेच्या अभ्यासपत्रिकेसाठी आम्हांला 'एका अनोळखी बोलीचा परिचय' असा प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी कोकणी, अहिराणी, गोरमाटी अशा बोली घेतल्या. मला सरांनी आपल्या मोबाइलवर एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची पाने दाखवली आणि म्हणाले, "हे वाच. तुला आवडेल." ते पुस्तक होते न्यूयॉर्कच्या चोरांच्या भाषेचा कोश! सरांनी मलाच हे का दिले असावे, असा प्रश्न मला पडला. आबांचा व्यवसाय त्यांना ठाऊक असण्याचा संभव नव्हता, कारण अर्जावर शेती होती.

पुस्तकाचे नाव 'वोकॅब्युलम'. साल १८५९. लेखक जॉर्ज मॅट्सेल. हे मॅट्सेल महाशय कोणी भाषापंडित नव्हते. न्यूयॉर्क शहराने १८४५ साली नवे पोलीस खाते उभारले, त्याचे ते पहिले प्रमुख. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले लोक त्याच सुमारास बोटी भरभरून न्यूयॉर्कला उतरत होते. फाइव्ह पॉइंट्स नावाच्या दाटीवाटीच्या वस्तीत एकेका खोलीत अनेक कुटुंबे राहत होती. तेथे टोळ्या होत्या, दारूचे गुत्ते होते, खिसेकापू होते. ही मंडळी आपापसांत काय बोलतात ते शिपायांना कळेना. तेव्हा साहेबांनी त्यांच्या शब्दांचा कोशच करून टाकला.

मी तो कोश उघडला आणि पहिल्या बैठकीत दोन तास उठलो नाही. खुनाला हे लोक म्हणत 'हश', म्हणजे आपल्या भाषेत 'गप्प'. विधवेला 'इस्पिकचा एक्का'. तिचा काळा पोशाख डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा शब्द करणाऱ्याच्या निर्दय विनोदबुद्धीची कल्पना येईल. पोलीस कॅप्टनला 'हॅम्लेट' म्हणत. शेक्सपिअरचा राजपुत्र त्या कोठडीत कसा पोहोचला, हा प्रश्न आमच्या इंग्रजीच्या मॅडमना विचारायचे मी ठरवले आहे. पण ज्या शब्दाने माझे मन खरे धरून ठेवले तो वेगळाच होता. न्यूयॉर्कमध्ये १८३८ साली इजिप्शियन धर्तीचे एक भलेमोठे तुरुंगगृह बांधले होते. त्याच्या थडग्यासारख्या रूपामुळे लोक त्याला 'टूम्ब्स' म्हणजे थडगी असे म्हणत. चोरांच्या भाषेत मात्र त्याचे नाव होते 'सिटी कॉलेज'.

मूळ थट्टा इंग्लंडमधली. लंडनच्या न्यूगेट तुरुंगालाही हेच नाव होते, आणि डिकन्सच्या 'लिटल डॉरिट' या कादंबरीत कर्जापायी मार्शल्सी तुरुंगात पडलेल्या कैद्यांना चक्क 'कॉलेजियन' म्हटले आहे. आमच्या घराण्यातला मी पहिला कॉलेजियन. वसतिगृहाच्या आठ फूट रुंदीच्या खोलीत बसून मी हा शब्द वाचला आणि एकटाच हसत सुटलो. माझ्या खोलीतल्या मित्राला वाटले, मला वेड लागले.

मॅट्सेलच्या कोशाबद्दल एक गमतीची गोष्ट अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. त्यातले कितीतरी शब्द न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून नव्हे, तर लंडनमध्ये आधी छापलेल्या तशाच याद्यांतून जसेच्या तसे उचललेले आहेत. म्हणजे चोरांच्या कोशात पोलीसप्रमुखाने केलेली चोरी! तरीही त्या कोशाचा दबदबा मोठा आहे. २००२ साली 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क' हा चित्रपट निघाला, तेव्हा त्या काळातली बोली बसवण्यासाठी याच कोशाचा आधार घेतला गेला.

पोलिसाने कोश करायचा ही तऱ्हा आपल्याही ओळखीची आहे. मॅट्सेलच्या तेवीस वर्षे आधी, १८३६ साली, कलकत्त्यात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या गुप्त भाषेचा कोश छापला होता. त्याचे नाव 'रामसीयाना', कारण ठगांच्या बोलीला रामसी म्हणत. स्लीमनला ती भाषा हवी होती ती ठगांना पकडण्यासाठी आणि फासावर चढवण्यासाठी. ठग फासावर गेले, पण 'ठग' हा शब्द मात्र जहाजात बसून इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेला. तेथे तो दंडेलीखोर गुंडाला लावू लागले. पुढे १९९४ साली टुपाक शकुर या कृष्णवर्णीय गायकाच्या गटाने आपल्या संगीतसंग्रहाला आणि स्वतःलाही हेच नाव घेतले. 'ठग लाइफ' हे शब्द त्याने पोटावर गोंदून घेतले होते. ज्या शब्दाने आपल्याला हिणवतात तोच छातीवर (इथे पोटावर म्हणायला हवे) मिरवायचा, ही हिंमत मला खिडकीपाशी झाली नव्हती.

आणखी एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. 'पॅल'. इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्या सगळ्यांना तो ठाऊक आहे. मित्रा, दोस्ता, अशा अर्थाने तो आता शाळकरी मुलेही वापरतात. हा मुळात हलक्या लोकांचा शब्द. चोराचा साथीदार तो पॅल. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागला, आणि आला तो रोमा लोकांकडून, ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवत. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे निघाले. त्यांच्या भाषेत भावाला 'फ्राल' म्हणतात आणि इंग्लंडमधल्या रोमांच्या तोंडी त्याचे 'पॅल' झाले. संस्कृत 'भ्रातृ', रोमानी 'फ्राल', मराठी 'भाऊ', हिंदी 'भाई' ही सगळी एकाच घरातली लेकरे. म्हणजे न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या गल्लीत एक खिसेकापू दुसऱ्याला हाक मारत होता, ती 'भावा' अशीच होती! आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगातही म्होरक्याला 'भाई'च म्हणतात. हे मी सुट्टीत आबांना सांगितले. ते म्हणाले, "मग? अंधारात उभं ऱ्हायचं म्हंजी भाव पायजेच की."

मॅट्सेलने बाहेर उभे राहून शब्द गोळा केले. पुढच्या शतकात आतून ऐकणारा एक माणूस झाला. डेव्हिड मॉरर हे त्याचे नाव. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल विद्यापीठात हा इंग्रजीचा प्राध्यापक. पण वर्ग संपला की खिसेकापू, जुगारी, चोरटी दारू गाळणारे आणि ठकसेन यांच्याशी बोलत बसायचे, ही त्याची खरी शाळा. ती माणसे त्याच्यावर विश्वास टाकत. त्याचे 'द बिग कॉन' हे पुस्तक १९४० साली निघाले. सरांनी आपली प्रत मला आठ दिवसांसाठी दिली आणि मी ती तीन आठवडे परत केली नाही. (त्यांची येथे जाहीर क्षमा मागतो.)

'कॉन' हा शब्द कोठून आला तेही सांगण्यासारखे आहे. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्पसन नावाचा एक गृहस्थ पकडला गेला. चांगले कपडे घालून तो रस्त्यात सभ्य माणसाला गाठायचा, जुनी ओळख असल्यासारखा गप्पा मारायचा आणि मग विचारायचा की, माझ्यावर विश्वास ठेवून तुमचे घड्याळ उद्यापर्यंत माझ्याजवळ द्याल का? आणि लोक देत! विश्वासाला इंग्रजीत 'कॉन्फिडन्स'. वृत्तपत्राने त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले आणि त्याचेच तोकडे रूप 'कॉन'. ज्या शब्दाचा अर्थ विश्वास, तोच फसवणुकीचा अर्थ घेऊन बसला.

मॉररच्या पुस्तकातल्या ठकसेनांचे काम घड्याळावर भागत नसे. ते सबंध दुकान उभे करत. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावण्याचे दुकान, किंवा शेअर दलालाची पेढी. आत कारकून, गिऱ्हाईक, फळ्यावर आकडे लिहिणारा, सगळे काही असे. फक्त त्यातले एकही खरे नसे. याचे नाव 'बिग स्टोअर'. सावज हेरून आणणारा तो 'रोपर', म्हणजे दावे टाकून ओढणारा. दुकानात बसून सावजाचा विश्वास कमावणारा तो 'इनसाइड मॅन'. सावजाला आधी थोडे जिंकू देतात, ते 'कन्व्हिन्सर'. मग त्याला घरी पाठवून सगळी पुंजी आणायला लावतात, तो 'सेंड'. पैसे हाती आले की त्याला वाटेला लावायचे, तो 'ब्लो-ऑफ'. आणि त्या बिचाऱ्या सावजाचे नाव 'मार्क'. १९७३ साली 'द स्टिंग' नावाचा चित्रपट आला, त्यात हेच सारे आहे. त्यातल्या एका नायकाचे आडनाव गॉन्डॉर्फ, आणि त्याच नावाचे दोन खरेखुरे ठकसेन भाऊ मॉररच्या पुस्तकात आहेत. मॉररने चित्रपटवाल्यांवर दावा लावला. तो शेवटी कोर्टाबाहेर मिटला. ठकसेनांची भाषा लिहून घेणाऱ्या प्राध्यापकाला आपले काही चोरीला गेले असे वाटावे, यात मला सगळ्या पुस्तकाइतकीच मौज वाटली.

पण मॉररचे एक म्हणणे मला फार दिवस पुरले. आपण समजतो की, चोरांची भाषा ही लोकांना कळू नये म्हणून असते. मॉरर म्हणतो, तसे नाही. कसबी चोर परक्यासमोर ती भाषा बोलतच नाही. बोलला तर लगेच ओळखला जाईल! ती भाषा चालते धंद्यातल्या माणसांतच, आपण एका कामाचे आहोत हे एकमेकांना कळावे म्हणून. खिसेकापूंच्या बोलीवर त्याचे 'विझ मॉब' हे दुसरे पुस्तक १९५५ सालचे आहे. त्यात पँटच्या मागच्या खिशाला एक नाव, पुढच्याला दुसरे, पाकिटाला तिसरे. प्रत्यक्ष हात घालणारा तो 'टूल' किंवा 'वायर', आणि धक्काबुक्की करून माणसाला अडवून धरणारा तो 'स्टॉल'. सुताराला रंधा आणि पटाशी यांना वेगळी नावे लागतात, तशीच ही.

आतल्यांचा शब्द बाहेर आला की काय होते, त्याची एक कथा सांगतो. यिडिश ही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची भाषा. तिच्यात चोराला 'गानेफ' म्हणतात. अमेरिकेतल्या खिसेकापूंनी त्याचे 'गन' करून टाकले. मग 'गन मॉल' म्हणजे कोण? खिसेकापू बाई. पण बाहेरच्या लोकांना गन म्हणजे बंदूक एवढेच ठाऊक, म्हणून त्यांनी अर्थ लावला, बंदूकवाल्या गुंडाची बाई. वृत्तपत्रांनी तेच छापले आणि तोच अर्थ रूढ झाला. असाच दुसरा शब्द 'गन्सेल'. डॅशिएल हॅमेट हा एकेकाळी खासगी गुप्तहेर होता. पुढे तो रहस्यकथा लिहू लागला. त्याचा संपादक अश्लील शब्दांवर डोळ्यांत तेल घालून काट मारायचा. हॅमेटने 'द माल्टीज फाल्कन' या १९३० साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत हा शब्द बेमालूम घुसवला. यिडिशमध्ये त्याचा मूळ अर्थ हंसाचे पिल्लू. रस्त्यावरच्या भाषेतला अर्थ मात्र आमचे संपादकमंडळ छापणार नाही. त्या संपादकाला वाटले, गन्सेल म्हणजे बंदूकधारी, आणि त्याने तो निर्धास्तपणे जाऊ दिला. वाचकांनाही तसेच वाटले. आज इंग्रजी कोशात बंदूकधारी हा त्याचा एक अर्थ म्हणून नोंदलेला आहे. सगळ्यांनी मिळून केलेली चूक शेवटी कोशात जाऊन बसते! माझ्या एकट्याच्या चुकीवर मात्र लाल शाई.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. त्या तेरा वर्षांनी या भाषेला जेवढे खाद्य दिले तेवढे क्वचितच कोणी दिले असेल. त्या सगळ्या शब्दांत मी शिरत नाही. चोरट्या दारूला ते 'हूच' म्हणत, तेवढा एकच सांगतो. अलास्कातल्या आदिवासींच्या एका गावाच्या नावावरून तो निघाला. आपल्याकडे विषारी दारूने माणसे मेली की इंग्रजी वृत्तपत्रांत आजही 'हूच ट्रॅजेडी' असाच मथळा येतो. अलास्कातले गाव, न्यूयॉर्कचा गुत्ता आणि आपल्याकडची झोपडपट्टी या तिघांना एका शब्दाने बांधले आहे. आणि शिक्षा झालेल्याला 'नदीवर पाठवला' म्हणत, कारण न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या वरच्या अंगाला सिंग सिंगचा तुरुंग आहे. आपल्याकडे 'काळ्या पाण्यावर गेला' म्हणत. कोठेही जा, कैदी पाण्यावरूनच जातो.

१९३८ साली मात्र एक वेगळा कोश निघाला. हार्लेममध्ये कॉटन क्लब नावाची नावाजलेली जागा होती. तेथे गाणारे-वाजवणारे काळे आणि समोर बसून ऐकणारे फक्त गोरे, असा रिवाज होता. त्या क्लबात नाव कमावलेला वाद्यवृंदाचा नायक कॅब कॅलोवे याने वादकांच्या आणि हार्लेमच्या रस्त्यावरच्या बोलीचा 'हेपस्टर्स डिक्शनरी' नावाचा छोटा कोश काढला. समजणे म्हणजे 'डिग', थकलेला म्हणजे 'बीट', जमून वाजवणे म्हणजे 'जॅम'. यात पोलीस नाही आणि प्राध्यापकही नाही. बोलणाऱ्यानेच आपले शब्द आपल्या नावावर छापले. मॅट्सेलच्या कोशात शब्द गुन्ह्याचा पुरावा म्हणून उभे आहेत, तर कॅलोवेच्या कोशात ते नवे कपडे घालून लग्नाला निघाल्यासारखे वाटतात. हे वाचले आणि मला वाटले, आपणही असेच करावे. आबांचा कोश करावा!

कारण मित्रहो, बैलबाजारालाही आपली भाषा आहे. रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याशिवाय दलालांचे आकड्यांचे वेगळे शब्द असतात. बैलाच्या खोडीला, गिऱ्हाइकाच्या घाईला आणि विकणाऱ्याच्या अडचणीलाही वेगळे शब्द आहेत. ते कोणी मला शिकवले नाहीत. दावी धरून उभा असताना कानांवर पडत गेले.

मात्र एक आठवण माझ्या मनात सातवीपासून कुसळासारखी राहिली आहे. त्या वर्षी मामा आमच्या बाजारातून बैल घ्यायला आले. सौदा आबांनीच केला. आबा आणि समोरचा दलाल दोन शब्द बोलले आणि मला ते कळले. बैल एकतीस हजारांना सुटणार होता. मामांनी तेहतीस दिले. दुपारी आमच्याकडे जेवताना मामा सगळ्यांना सांगत होते की, पाव्हण्यांमुळे बैल स्वस्तात पडला. आई त्यांना आग्रह करकरून वाढत होती. मी मान खाली घालून जेवलो. 'मार्क' हा शब्द मॉररच्या पुस्तकात वाचला तेव्हा मला फसलेले अमेरिकन शेठ दिसले नाहीत. ताटावर बसलेले मामा दिसले. आणि मॉरर म्हणतो तसा धीरही मला मिळेना, कारण आमची भाषा परक्यासमोरच बोलली जाते, त्याला कळू नये म्हणूनच.

दिवाळीच्या सुट्टीत मी धीर करून विषय काढला. आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी ठकसेनांचे दुकान, रोपर, मार्क, सगळे त्यांना सांगितले आणि मग मामांच्या बैलाचे विचारले. त्यांनी वैरण टाकायची थांबवली नाही.

"तुला कळलं हुतं व्हय तवा?" ते म्हणाले. "मला वाटलं, पोरगं उगं हुबं हाय."

"दोन हजार आपल्याकडं आले का आबा?"

"आले की. एक माझा, एक त्या दलालाचा. सातवीत तुला सायकल कुठनं आली?"

मी गप्प झालो. ती सायकल मी पाच वर्षे वापरली. शाळेपर्यंत रोज चौदा किलोमीटर.

थोड्या वेळाने तेच बोलले, "त्या तुझ्या अमेरिकेतल्या ठकानं लुटलेला मानूस परत त्याच्या दुकानात आला का कवा?"

"नाही. त्याला येऊच देत नसत. त्याचंच नाव ब्लो-ऑफ."

"तुझा मामा त्याच्या बादबी दोन बैल माझ्याकडनंच घेऊन गेला. पैला बैल सा वर्सं राबला. आन त्ये दोन हजार त्याला कवाच ठावं हायती. दुसऱ्या सौद्याला त्यानं कापून घेतलं."

यावर मी काय म्हणायचे होते ते मला अजून सुचलेले नाही. मामांना ठाऊक होते, तर मग जेवताना ते कोणाला सांगत होते? आईला? आणि आईला ठाऊक होते का? सायकल तर खरीच. मी ती पुसून, तेल घालून धाकट्या भावाला दिली आहे.

मग मी कोशाची गोष्ट काढली. आबांना वाटले, मी थट्टा करतो आहे. थट्टा नाही हे कळल्यावर ते ओट्यावर येऊन बसले आणि हात धुता धुता म्हणाले, "रुमालाचं लिव. रुमाल समद्यांना दिसतो. शब्द न्हाई लिवायचे."

"कॉलेजचं मासिक आहे आबा. कोण वाचतंय?"

"तुज्या संगं शेतकऱ्याची पोरं हायती का न्हाई? ती वाचतील. मग म्या रविवारी कुठं जाऊ?"

मॅट्सेलने कोणाला विचारले नव्हते. त्याला विचारण्याची गरज नव्हती, तो पोलीस होता. कॅलोवेला कोणाची परवानगी लागली नाही, भाषा त्याची स्वतःची होती. माझे मध्येच काही तरी आहे. शब्द मला ऐकू येतात, पण पोट त्यांच्यावर आबांचे आहे, आणि माझी फीही. म्हणून सर, प्रकल्पात मी न्यूयॉर्कच्या चोरांचे एकशे वीस शब्द दिले आहेत आणि आमच्या बाजाराचा एकही दिलेला नाही. आपण प्रकल्पावर 'स्थानिक उदाहरणे हवी होती' असा शेरा मारलात, त्याचे उत्तर हे आहे.

आता थोडे राहिले. यंदा जूनमध्ये द्वितीय वर्षाचा अर्ज भरायचा होता. हा प्रकल्प तेव्हा सुरू व्हायचा होता, म्हणून मी पुन्हा मुकाट्याने 'शेती' लिहिले होते. पण गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज आला. त्यातही तोच रकाना. मी लिहिले, 'दलाल, बैलबाजार'. खिडकीत तेच गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही. उद्या आण."

मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिला.